सेतुमाधवराव पगडी : भाषांवर पूल बांधणारा माणूस

आपल्यापैकी बरेचजण मराठी मीडियमचे. फर्स्ट इयरला इंग्लिश पुस्तकं हातात पडली की पोटात गोळा येतो. म्हणून आपल्याच भागातल्या एका माणसाची ओळख करून द्यावीशी वाटली. त्यांना डझनाहून जास्त भाषा येत होत्या, आणि त्या त्यांनी नुसत्या मिरवल्या नाहीत, कामाला लावल्या.

सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० साली निलंग्यात झाला. आज निलंगा लातूर जिल्ह्यात आहे, पण १९८२ मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होतं. पगडींच्या लहानपणी हा सगळा मुलूख निजामाचा. लोकांच्या तोंडी मराठी, कानडी, तेलुगू. कचेरीचा कारभार मात्र उर्दूत. स्वतःच्या जमिनीचा कागद शेतकऱ्याला वाचता येत नसे. आजही आपल्या कुणाच्या घरी आजोबांच्या पेटीत असा एखादा उर्दू कागद सापडेल!

शिक्षण संपवून पगडी हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत शिरले. पुढे त्यांची नेमणूक आदिलाबादच्या जंगल भागात झाली. तिथला प्रश्न साधा नव्हता. जमिनी हातातून गेल्यामुळे गोंड लोक चिडलेले होते. १९४० साली जोडेघाटला कोमराम भीम आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले होते. गोंडाचं गाऱ्हाणं साहेबापर्यंत जायचं ते मधल्या माणसाच्या तोंडून, आणि तो मधला माणूस पुष्कळदा सावकाराचा किंवा पाटलाचा. पगडींनी हा मधला माणूसच काढून टाकला. ते स्वतः गोंडी शिकले, कोलामी शिकले. नुसतं बोलून थांबले नाहीत, तर दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली. आदिलाबादच्या गोंडांवरचं त्यांचं पुस्तक १९४९ साली निघालं. ज्या बोलीला कचेरीत काडीची किंमत नव्हती, तिचं व्याकरण एका सरकारी अधिकाऱ्याने लिहावं, ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती.

राज्य पुनर्रचनेनंतर ते मुंबईला आले. महाराष्ट्राच्या गॅझेटियरचं संपादन केलं. पण त्यांचं मोठं काम इतिहासातलं. मराठ्यांच्या लढायांची दुसरी बाजू फारसीत पडून होती. मोगलांच्या दरबारी बातमीपत्रांत आणि त्यांच्या इतिहासकारांच्या ग्रंथांत ती होती, पण मराठी वाचकाला फारसी कुठून येणार? पगडींनी हे सगळं मराठीत आणलं. त्यातला एक लेखक भीमसेन सक्सेना. हा मोगलांच्या चाकरीत होता आणि काही काळ आपल्या नळदुर्गात राहिला होता. त्याने डोळ्यांनी पाहिलेली दख्खनची धामधूम आपल्याला पगडींमुळे मराठीत वाचता येते. शत्रूने आपल्याबद्दल काय लिहिलं, हे वाचायला धीर लागतो. पगडींनी ते समोर ठेवलं. शिवाय गालिब आणि इक्बाल यांची कविताही मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली.

१९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं आणि १९९४ साली ते गेले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'जीवनसेतु'.

आपण सिव्हिलवाले पुलाचं डिझाईन शिकतो, लोड काढतो. पगडींनी बांधलेल्या पुलावरून अजून माणसं ये-जा करतायत. तेव्हा इंग्लिशचं पुस्तक बघून घाबरायचं काय कारण? आणि हो, सुट्टीत घरी गेलात की आजोबांची ती पेटी एकदा उघडून बघाच.