चिमाजी आप्पांची सबुरी

वसईच्या विजयाबरोबर चिमाजी आप्पांचे शौर्य आठवते. परंतु त्या विजयाआधीची दोन वर्षे फसलेल्या हल्ल्यांची होती, याचा आपणांस सहसा विसर पडतो. अनेक व्यापांनी गांजलेल्या कारभाऱ्याने अभ्यासावीत अशी ती वर्षे आहेत.

कल्याणचा मुलूख मराठ्यांच्या ताब्यात आधीच आला होता. १७३७ च्या वसंतात आप्पांच्या फौजांनी खाडी ओलांडून साष्टीत प्रवेश केला आणि ठाण्याचा किल्ला घेतला. पोर्तुगीजांचे तेथील बांधकाम अद्याप अपुरेच होते. एवढ्या लवकर पदरी पडलेल्या यशाने वसईही तशीच पडेल, असा भरवसा वाटला असावा. परंतु वसईचा कोट भक्कम होता आणि समुद्रमार्गे त्याला मदत मिळत होती. त्या वर्षीचे तेथील हल्ले निष्फळ ठरले.

पुढे बाजीराव पेशव्यांचा निजामाशी भोपाळला सामना झाला. नासिरजंग पित्याच्या मदतीस जाऊ नये म्हणून आप्पांना खानदेशाकडे राहावे लागले. १७३८ च्या आरंभी कोकणात माहीमचा प्रयत्नही फसला. प्रकृती नाजूक, फौज विखुरलेली आणि प्रत्येक दिशेचे बोलावणे निकडीचे, अशी आप्पांची स्थिती होती.

१७३८ च्या अखेरीस आप्पा पूर्ण सिद्धतेने कोकणात उतरले, तेव्हा मोहिमेचा क्रम पालटला होता. मुख्य लक्ष्य वसईच. पण ती शेवटी घ्यायची होती. ठाणे परत घेण्यास आलेला पेद्रू द मेलू तेथे मारला गेला. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही ठाणी एकामागून एक घेतली गेली. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर पडले. गोव्याकडे मराठी फौजांनी दाब ठेवल्यामुळे तेथून वसईला पुरेसे साहाय्य पोचेना. मग फेब्रुवारीत वसईला वेढा पडला आणि तटाखाली सुरुंग खणले जाऊ लागले. मार्चमध्ये नादिरशहा दिल्लीत शिरला. उत्तरेची चिंता वाढली, तरी वेढा उठला नाही. मे महिन्यात तट फुटला, हातघाईची लढाई झाली आणि किल्ला शरण आला. पराभूतांना सन्मानाने बाहेर पडू देण्याइतका विवेक आप्पांनी त्या क्षणीही राखला.

डिसेंबर १७४० मध्ये, बाजीरावांच्या मागोमाग काही महिन्यांतच, आप्पा निवर्तले.

आज कल्याण-डोंबिवलीच्या शाळांत व कचेऱ्यांत अधिकाऱ्याच्या मेजावरील प्रत्येक कागद तातडीचाच असतो. हाती येईल तो उरकणाऱ्यास दिवसभर उसंत मिळत नाही, आणि मुख्य काम तेवढे राहून जाते. आप्पांनी मुख्य काम मागे ठेवले, ते त्याची वाट मोकळी करण्यासाठी. हा क्रम उमगेपर्यंत मात्र तटाखाली शेकडो माणसे कामी आली होती. घाईची किंमत बहुधा हुकूम देणाऱ्याला नव्हे, तो पाळणाऱ्याला मोजावी लागते. खुर्चीवर बसणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.