मंडालेतील पेन्सिल आणि कैद्याचा हक्क

लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांच्या चरित्रात तुरुंगवासाचे तीन कालखंड येतात. डोंगरी, येरवडा आणि मंडाले या तीन ठिकाणांची नावे शालेय पुस्तकांमुळे सर्वांना परिचित आहेत. मात्र, या तिन्ही तुरुंगांत कायद्याच्या दृष्टीने टिळकांचे स्थान काय होते, तेथे त्यांना हक्काने काय मिळत होते आणि मेहेरबानी म्हणून काय मिळत होते, याचा विचार फारसा होत नाही. तो केला, तर त्यांच्या आयुष्याची एक वेगळी बाजू समोर येते.

रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या टिळकांनी कायद्याची पदवी घेतली होती. परंतु वकिली केली नाही. १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या छत्रपतींना मिळणाऱ्या वागणुकीसंबंधी केलेल्या लेखनावरून बदनामीचा खटला उभा राहिला. टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते बाहेर आले. त्या दिवसांची हकिकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली.

सक्तमजुरी आणि ऋग्वेद

दुसरा तुरुंगवास अधिक खडतर होता. प्लेगच्या काळात, १८९७ मध्ये, 'केसरी'तील लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी त्यांना दोषी, तर तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष ठरवले. न्या. स्ट्रॅची यांनी १८ महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. कायदेमंडळाचा सदस्य असलेला हा गणिती आणि संस्कृत पंडित सामान्य कैद्यांप्रमाणे काथ्याचे काम करू लागला. तुरुंगातील अन्न त्यांना मानवेना. वजन झपाट्याने उतरले आणि प्रकृतीची चिंता वाटू लागली.

त्यांच्या सुटकेसाठी मॅक्समुल्लर, विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी आदींच्या सह्यांचा अर्ज गेला. येरवड्यात त्यांना ऋग्वेद वाचण्याची आणि रात्री दिव्याची मुभा मिळाली. वेदकालीन आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याचा विचार याच काळात आकाराला आला. ६ सप्टेंबर १८९८ रोजी त्यांची अटींवर सुटका झाली. पुन्हा राजद्रोहाचा गुन्हा घडल्यास माफ झालेली शिक्षाही भोगावी लागेल, अशी त्यातील एक अट होती. दिवा, ग्रंथ आणि सुटका या तिन्ही गोष्टी सरकारच्या मर्जीने मिळाल्या. अर्जावर सह्या करणारे विद्वान ज्यांच्या पाठीशी नव्हते, त्या कैद्यांना यातले काहीच नव्हते.

मोजलेली पाने

मुजफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतरच्या लेखांवरून २४ जून १९०८ रोजी टिळकांना पुन्हा अटक झाली. त्यांनी स्वतःच आपला बचाव केला आणि ज्यूरीपुढे २१ तासांहून अधिक वेळ भाषण केले. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारे न्या. दावर यांनीच वकील असताना १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. निकालानंतर मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. प्रिव्ही कौन्सिलमध्ये दाद मागण्याचा प्रयत्नही निष्फळ ठरला.

टिळकांना प्रथम साबरमतीला आणि तेथून ब्रह्मदेशातील मंडालेला नेण्यात आले. काळ्या पाण्याऐवजी साध्या कैदेची सवलत मिळाली. लाकडी बराकीत उन्हाळ्यात आग आणि हिवाळ्यात बोचरी थंडी असे. मधुमेह जडलेला होता. स्वयंपाकासाठी एक मराठी कैदी देण्यात आला होता. पुस्तकांबाबत मध्येच नियम आला, की एका वेळी चारच जवळ ठेवावीत. टिळकांनी ब्रह्मदेश सरकारकडे अर्ज केला, तेव्हा ही मर्यादा उठली. सुटे कागद मिळत नसत. बांधलेल्या वह्यांची पाने मोजून, त्यांवर आकडे घालून दिली जात. शाईला बंदी होती; पेन्सिलही आधीच टोक करून मिळे. अशा वह्यांत १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, 'गीतारहस्य' लिहून झाले. पुढे जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची वार्ता त्यांना याच बराकीत कळली.

जून १९१४ मध्ये ते पुण्यात परतले. पण हस्तलिखित तपासणीसाठी सरकारकडेच राहिले. ते परत मिळेल की नाही, याची शंका अनेकांना होती. स्मरणातून पुन्हा लिहून काढण्याची टिळकांची तयारी होती. अखेर वह्या हाती आल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. सरकारने त्या परत केल्या नसत्या, तर टिळकांना कायद्याने त्या मागता आल्या असत्या, असे त्या काळी कोणी खात्रीने सांगू शकले नसते. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात टिळकांनी अखेरचा श्वास घेतला, तोवर ही स्थिती बदलली नव्हती.

मेहेरबानीकडून हक्काकडे

हा प्रश्न स्वतंत्र भारतात, तोही मराठी हस्तलिखितावरूनच, सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आणीबाणीच्या काळात भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी यांनी तुरुंगात अणूच्या अंतरंगाविषयी पुस्तक लिहिले. ते प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्यास राज्य सरकारने १९६४ मध्ये नकार दिला. नियमांत नमूद केलेल्या सवलतींपलीकडे स्थानबद्धाला काहीही मागता येत नाही, अशी सरकारची भूमिका होती. उच्च न्यायालयाने आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती फेटाळली. नियमात नसलेले बंधन स्थानबद्धावर लादता येत नाही, असा त्याचा आशय होता. अमेरिकेतही साधारण याच सुमारास, १९६४ मध्ये, धार्मिक प्रकाशने नाकारली गेलेल्या कैद्याची तक्रार न्यायालयांनी ऐकली पाहिजे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पुढे १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात, तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क संपत नाहीत, हे तत्त्व भारतात पक्के झाले.

मंडालेतील कैद्यामागे मोठा लोकसमुदाय होता आणि अर्ज कसा लिहावा, हे तो स्वतः जाणत होता. कोलशेतपासून काही किलोमीटरवर, ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातील कारागृहात किंवा राज्यातील इतर तुरुंगांत खटल्याची वाट पाहणाऱ्या कच्च्या कैद्यांपैकी बहुतेकांकडे या दोन्ही गोष्टी नसतात. हक्क कागदावर आला, तरी तो मागण्याची ऐपत सर्वांना सारखी मिळालेली नाही. पुस्तक, पत्र आणि वकिलाची भेट या कैद्यांना किती सहज मिळते, यावरच त्या निकालांचे खरे मोल ठरते.