संत हिल्डेगार्ड : गीतांतून शिकवणारी गुरुमाता

दरवर्षी १७ सप्टेंबर हा बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड यांचा स्मरणदिन. जर्मनीतील ऱ्हाईन नदीच्या परिसरात बाराव्या शतकात होऊन गेलेल्या ह्या बेनेडिक्टाइन धर्मभगिनीने आपल्या दिव्य दर्शनांवर ग्रंथ लिहिले, औषधी वनस्पतींचा अभ्यास केला, पोपमहोदयांना आणि सम्राटांना पत्रे पाठवली. त्यांच्या ह्या बहुविध कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत ते त्यांचे अध्यापन आणि गायन. ही दोन कार्ये त्यांच्या लेखी वेगळी नव्हतीच. आयुष्याच्या अखेरीस मात्र एका मृत माणसाला न्याय मिळावा म्हणून त्यांना ह्याच गायनाची किंमत मोजावी लागली.

हिल्डेगार्ड यांचा जन्म १०९८ साली एका सरदार घराण्यात झाला. त्या आईवडिलांचे दहावे अपत्य होत्या असे परंपरा सांगते. बालपणापासून त्यांची प्रकृती नाजूक होती. १११२ साली, सकल संतांच्या सणाच्या दिवशी, त्यांनी डिसिबोडेनबर्ग येथील मठात प्रवेश केला. तेथे युट्टा नावाच्या तरुण व्रतस्थ स्त्रीच्या सहवासात त्या एकांतवासात राहू लागल्या. युट्टा हीच त्यांची पहिली शिक्षिका. तिने त्यांना स्तोत्रसंहिता वाचायला आणि गायला शिकवले. स्तोत्रे हेच त्यांचे पाठ्यपुस्तक आणि स्तोत्रे हीच त्यांची प्रार्थना! अक्षर आणि स्वर त्यांच्या जीवनात असे हातात हात घालूनच आले.

११३६ साली युट्टाचे निधन झाले आणि भगिनींनी हिल्डेगार्ड यांची आपली प्रमुख म्हणून निवड केली. लॅटिन भाषेत ह्या पदाला ‘माजिस्त्रा’ म्हणत, म्हणजेच गुरुमाता. ११४१ पासून त्या आपली दर्शने लिहून काढू लागल्या. ह्या कामी व्होल्मार नावाच्या मठवासीयाने त्यांना मोलाचे साहाय्य केले. ट्रिअर येथील धर्मसभेच्या वेळी पोप तिसरे युजिन ह्यांनी त्यांच्या लिखाणाला पाठिंबा दिला. त्यानंतर ११५० च्या सुमारास मठाधिपतींचा विरोध पत्करून त्या सुमारे वीस भगिनींसह बिंगेनजवळील रूपर्ट्सबर्ग येथे गेल्या. तेथे त्यांनी स्वतंत्र मठ उभारला.

ह्या मठाच्या उपासनेसाठी हिल्डेगार्ड यांनी सत्तरहून अधिक गीते रचली. शब्द त्यांचे आणि चालीही त्यांच्याच. संगीताचे रीतसर शिक्षण आपल्याला मिळालेले नाही असे त्या सांगत. तरीही त्यांच्या चाली खालच्या स्वरापासून एकदम उंच झेप घेतात आणि एकेका अक्षरावर दीर्घकाळ रेंगाळतात. पवित्र मरिया, पवित्र आत्मा, संत उर्सुला आणि तिच्या सोबतिणी हे त्यांच्या गीतांचे विषय. जी शिकवण त्यांनी ग्रंथांत मांडली, तीच गीतांच्या रूपाने भगिनींच्या ओठांवर बसली.

त्यांनी एक गीतनाट्यही रचले. त्यात सद्‌गुण आणि सैतान एका आत्म्यासाठी झगडतात. नम्रता, आशा, शुद्धता हे सारे सद्‌गुण गातात. सैतानाला मात्र एकही चाल दिलेली नाही. तो केवळ ओरडतो! ज्याचा देवाशी संबंध तुटला त्याला गाता येत नाही, हा धडा त्या नाट्यातील भगिनींना कोणत्याही प्रवचनावाचून समजला असेल.

संतांच्या जीवनातील उणिवा झाकून ठेवणे आम्हाला उचित वाटत नाही. हिल्डेगार्ड आपल्या मठात केवळ उच्चकुलीन मुलींनाच प्रवेश देत. सणाच्या दिवशी त्यांच्या भगिनी रेशमी वस्त्रे आणि मुकुट धारण करून गात. दुसऱ्या एका मठाच्या प्रमुख टेंक्सविंड ह्यांनी ह्याविषयी त्यांना पत्राने जाब विचारला. प्रभूने गरीब कोळ्यांना आपले शिष्य म्हणून निवडले, ह्याची त्यांनी आठवण करून दिली. हिल्डेगार्ड यांनी आपल्या प्रथेचे समर्थनच केले. त्या आपल्या काळाच्या चौकटीतून सर्वस्वी मुक्त नव्हत्या, हे मान्य केले पाहिजे.

त्यांची खरी कसोटी लागली ती ११७८ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. त्यांच्या मठाच्या दफनभूमीत एका सरदाराला मूठमाती देण्यात आली होती. तो एकेकाळी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत झालेला होता. त्याचे शव उकरून बाहेर काढावे, असा हुकूम माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी दिला. मृत्यूपूर्वी त्याने पापांची क्षमा मिळवली होती आणि अंतिम संस्कारही स्वीकारले होते, हे हिल्डेगार्ड यांना ठाऊक होते. त्यांनी नकार दिला. शिक्षा म्हणून मठावर उपासनाबंदी लादण्यात आली. भगिनींना ख्रिस्तप्रसाद मिळेना, प्रार्थना गाण्याचीही मनाई झाली. बंद दारांआड हलक्या आवाजात त्या केवळ वाचायच्या. गाणारा मठ मुका झाला.

हिल्डेगार्ड यांनी ही बंदी पाळली, परंतु मृताला उकरून काढले नाही. वरिष्ठांचा मान राखणे आणि सदसद्‌विवेकबुद्धीशी प्रामाणिक राहणे, ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी साधल्या. धर्माधिकाऱ्यांना त्यांनी एक विस्तृत पत्र लिहिले. पतनापूर्वी आदामाचा स्वर देवदूतांच्या स्वरात मिसळलेला होता. गायनामुळे मानवाला त्या हरवलेल्या घराची आठवण होते. म्हणूनच सैतानाला गाणे सहन होत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. योग्य कारणावाचून देवाची स्तुती बंद पाडणाऱ्यांना स्वर्गातील स्तुतिगानात स्थान मिळणार नाही, असा इशाराही त्यांनी दिला.

कलोनचे आर्चबिशप फिलिप त्यांच्या साहाय्यास आले. त्या सरदाराबरोबरच पापक्षमा मिळालेला एक साक्षीदार पुढे आला. त्यावेळी इटलीत असलेल्या माइन्झच्या आर्चबिशप क्रिस्तियान ह्यांनाही हिल्डेगार्ड यांनी पत्रे लिहिली. अखेर ११७९ च्या मार्चमध्ये आर्चबिशपांच्या आदेशाने बंदी उठली आणि मठात पुन्हा गीते घुमू लागली. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी, १७ सप्टेंबर ११७९ रोजी, हिल्डेगार्ड प्रभूच्या भेटीस गेल्या.

रूपर्ट्सबर्गचा मठ १६३२ साली युद्धात नष्ट झाला, परंतु त्यांची गीते हस्तलिखितांतून टिकली आणि आज जगभर गायली जातात. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी मे २०१२ मध्ये त्यांना संत म्हणून वैश्विक मान्यता दिली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला त्यांना ‘डॉक्टर ऑफ द चर्च’ हा बहुमान बहाल करण्यात आला. तो मिळवणाऱ्या त्या चौथ्या स्त्री होत. २०२१ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांचा स्मरणदिन वैश्विक ख्रिस्तसभेच्या उपासना-दिनदर्शिकेत समाविष्ट केला.

रविवारच्या मिस्साला आपण गीतपुस्तक हाती घेतो. कधी मनापासून गातो, कधी गायकवृंदावर सोपवून मोकळे होतो. ज्या भगिनींना कित्येक महिने गाता आले नाही, त्यांना बंदी उठल्यावरचे पहिले स्तोत्र गाताना काय वाटले असेल? येत्या रविवारी प्रवेशगीत सुरू होताच आपण त्यांचे स्मरण करू या आणि आपलाही स्वर त्यात मिसळू या.