इंदूरच्या खड्ड्यातले खत

कळमन्याच्या बाजारात लिलाव आटोपला की मागे उरतात सडकी संत्री, भाजीचा पाला आणि गवत. हा टाकाऊ माल पुन्हा शेताला कसा द्यायचा, याची पद्धत सुमारे शंभर वर्षांपूर्वी इंदूरला बसवली गेली. ती बसवणारे शास्त्रज्ञ होते अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ चा, इंग्लंडमधल्या शेतकरी कुटुंबातला. केंब्रिजला शिकून ते १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. गव्हाच्या सुधारित जातींवर दोघांनी मिळून काम केले. आसपासचे शेतकरी विकतची खते आणि औषधे न वापरता निरोगी पिके घेतात, हे हॉवर्ड यांनी तिथे पाहिले. शिकवायला आलेला माणूस त्यांच्याकडून शिकू लागला.

१९२४ मध्ये होळकर संस्थानात, इंदूरला, नवी संशोधन संस्था उभी राहिली. जमीन विदर्भासारखीच काळी, पीक कपाशीचे. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात आणि पऱ्हाट्याही जळत. जमिनीला परत फारसे काही मिळत नसे. पऱ्हाट्या तशाच मातीत गाडल्या तर नुकसान होई. त्यांच्यात कर्ब फार आणि नत्र कमी. त्या कुजवणारे जीवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि पीक उपाशी राहते.

म्हणून त्या आधी खड्ड्यात कुजवायच्या. पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांखाली चुरायच्या. मग पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे आणि हवा मिळावी म्हणून ढीग तीनदा पालथा करायचा. ढीग आतून तापतो, त्यामुळे तणांचे बी आणि बरेच रोगजंतू मरतात. साधारण तीन महिन्यांत खत तयार होते. या कामात रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड त्यांच्या बरोबरीने होते.

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी हॉवर्ड आणि वाड यांचे या पद्धतीवरील पुस्तक निघाले आणि हॉवर्ड मायदेशी परतले. १९३३ मध्ये केनियात, नैरोबीजवळच्या कॉफीच्या मळ्यावर, इंदूर पद्धतीचे खत होऊ लागले. पुढे आफ्रिकेत इतरत्रही ती पोहोचली. बाहेरून खत आणणे जिथे परवडत नाही, तिथे आवारातच खत करण्याची वाट त्यातून मिळाली.

उत्तरायुष्यात हॉवर्ड यांनी रासायनिक खतांना सरसकट विरोध केला. तो अनेक शास्त्रज्ञांना पटला नाही. कंपोस्टमध्ये नत्र कमी असते, भरघोस पिकाची भूक एकट्या त्याने भागतेच असे नाही. म्हणून आज माती परीक्षण करून दोन्ही खतांचा मेळ घालण्याचा सल्ला दिला जातो.

१९४७ मध्ये हॉवर्ड वारले. शेतातून शहरात आलेले अन्नद्रव्य पुन्हा शेतात गेले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे मात्र जुने झालेले नाही. माल उतरवून कळमन्याहून गावाकडे परतणाऱ्या रिकाम्या गाड्यांत तयार खत भरता येईल. पण त्यासाठी पाला आणि प्लास्टिक बाजारातच वेगळे करावे लागेल.