न्यूटनचं २०६०

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. संपादकांनी तपासलंय, तेव्हा उरलेल्या चुका त्यांच्या!

न्यूटन म्हटलं की आपल्याला आठवते ती मेकॅनिक्सची केटी. मला मात्र गेल्या सेमला भलताच न्यूटन भेटला. रात्री दोन वाजता रूममेटने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, न्यूटनच्या हिशोबाने २०६० साली जग संपणार. ती हसत होती, मी नाही. २०१२ च्या डिसेंबरात अशीच अफवा होती. तेव्हा मी सात वर्षांची होते आणि आठवडाभर आईला चिकटून झोपले होते. म्हटलं, यावेळी नीट शोधूनच काढू.

न्यूटनचा जन्म १६४२ चा, त्यावेळच्या इंग्लिश कॅलेंडरप्रमाणे ऐन नाताळच्या दिवशी. वडील आधीच वारलेले. तो तीन वर्षांचा असताना आईने एका पाद्रीशी दुसरं लग्न केलं आणि पोराला आजीकडे ठेवून ती निघून गेली. सावत्र बाप त्याला आवडणं शक्यच नव्हतं. पण त्या बापाची धर्मग्रंथांची पुस्तकं आणि एक जाडजूड, जवळजवळ कोरी वही पुढे न्यूटनला मिळाली. त्याच वहीत त्याने कॅल्क्युलसची सुरुवातीची गणितं केली! म्हणजे आपल्या एम-वनच्या दुःखाचं मूळ एका पाद्रीच्या वहीत आहे.

१६६१ ला केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज, १६६९ ला सव्विसाव्या वर्षी प्रोफेसर, १६८७ ला 'प्रिन्सिपिया'. हे सगळं आपल्याला माहीत आहे. माहीत नसतं ते हे, की याच काळात तो बायबलमधल्या दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांवर पानंच्या पानं लिहीत होता. त्यात चार श्वापदं, शिंगं, भूकंप, काळा पडणारा सूर्य असं काय काय आहे. शाळेत सिस्टर या गोष्टी सांगायच्या तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचे. न्यूटनने मात्र सरळ नियम बसवले. एका चिन्हाचा अर्थ शक्यतो सगळीकडे एकच धरायचा. सूर्य म्हणजे राजा, भूकंप म्हणजे राज्यांची उलथापालथ.

आता २०६०. दानीएलमध्ये साडेतीन काळांचा उल्लेख आहे. काळ म्हणजे वर्ष, वर्षाचे बारा महिने, महिना तीस दिवसांचा, म्हणून १२६० दिवस. भविष्यवाणीत एक दिवस म्हणजे एक वर्ष धरायचं. सुरुवात इसवी सन ८०० पासून, जेव्हा पोपने शार्लमेनला सम्राट केलं. बेरीज तुम्हीच करा. पण गंमत पुढे आहे. त्याच कागदावर त्याने लिहिलंय की शेवट याहून उशिरा येऊ शकेल, लवकर येण्याचं कारण मात्र दिसत नाही. उठसूट तारखा जाहीर करून लोकांना घाबरवणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत, म्हणून हा आकडा! आणि शेवट म्हणजे राखरांगोळी नव्हे, वाईट राजवटी जाऊन ख्रिस्ताचं राज्य येणं.

मग त्याने हे छापलं का नाही? कारण वाचता वाचता त्याचं मत झालं होतं की पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही त्रैक्याची शिकवण चर्चने मागाहून घुसडली. आणि नोकरी कुठे, तर ट्रिनिटी म्हणजे त्रैक्य नावाच्याच कॉलेजात! तिथे टिकायला पाद्रीदीक्षा घ्यावी लागे. १६७५ ला राजाकडून खास सूट मिळाली म्हणून तो वाचला. त्याच्या जागेवर आलेला विल्यम व्हिस्टन हीच मतं उघड बोलला आणि १७१० मध्ये विद्यापीठातून हाकलला गेला. न्यूटन गप्प राहिला. मला हे आधी भित्रेपणाचं वाटलं. पण मीही ॲटेंडन्स जाईल म्हणून सरांसमोर कुठे काय बोलते? फरक एवढाच, की १७२७ ला मरताना त्याने चर्चचा शेवटचा संस्कार नाकारला.

दानीएलवरचं पुस्तक १७३३ मध्ये, तो गेल्यावर छापलं, तेही सौम्य. खरे कागद घरातच पडून राहिले आणि १९३६ मध्ये लंडनला लिलावात निघाले. धर्मावरचे बरेचसे अब्राहम याहुदा या अभ्यासकाने घेतले. २०६० चा कागदही त्यातच, आता जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

हे सगळं रूममेटला सांगितलं. ती म्हणाली, २०६० ला आपण पंचावन्न, म्हणजे होम लोन तरी फिटलेलं असेल. आणि झोपली. मीसुद्धा.