खंजिरीचा नाद

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडील अंगास वणी हे गाव आहे. निर्गुडा नदीच्या काठी ते वसले आहे. भोवतालची जमीन काळी, कपाशीची. आणि तिच्या पोटात दगडी कोळसा. थोड्याच अंतरावर वर्धा नदी वाहते. ती ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. नदीच्या या तीरावर काय किंवा त्या तीरावर काय, विदर्भातील अनेक खेड्यांत दिवस मावळला, गुरे गोठ्यात परतली आणि देवळात दिवा लागला, म्हणजे एक ओळखीचा आवाज कानी येतो. आधी बोटांची हलकी थाप, मग झांजांची किणकिण आणि पाठोपाठ एका सुरात उठलेले अनेक कंठ. हा खंजिरीचा नाद होय.

खंजिरी हे वाद्य अगदी साधे. लाकडाचे एक लहानसे कडे, त्याच्या एका बाजूस ताणून मढविलेले कातडे आणि कड्याच्या खाचांत बसविलेल्या धातूच्या चकत्या. एका हातात कडे धरावे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवावे. हे वाद्य खांद्यावरच्या झोळीत मावते आणि गरिबालाही परवडते. या लहानशा वाद्याच्या बळावर ज्यांनी गावेच्या गावे एकत्र आणून बसविली, ते सत्पुरुष म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात ३० एप्रिल १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. आईवडिलांनी नाव ठेवले माणिक. वडील बंडोजी शिवणकाम करीत. आई मंजुळाबाई कष्टाळू आणि श्रद्धाळू होती. घरी दारिद्र्य होते. शिवणाच्या तुटपुंज्या मिळकतीवर संसाराचा गाडा ओढताना त्या दोघांची दमछाक होई. माणिकचे बालपण काही काळ यावलीस आणि काही काळ वरखेड या गावी गेले. शाळेत त्याचे मन फारसे रमेना. मराठी तिसरीच्या पुढे त्याचे शिक्षण गेले नाही. मात्र गावात कोठेही भजन चालू असले, की हा मुलगा तेथे हजर असे. ऐकलेली चाल त्याच्या गळ्यात चटकन बसे. पुढे तो स्वतःच पदे रचू लागला.

वरखेडला आडकोजी महाराज नावाचे एक साधुपुरुष राहत असत. माणिकने त्यांना गुरू मानले. गुरूंनी या शिष्याला तुकड्या हे नाव दिले. तुकडा म्हणजे भाकरीचा लहानसा भाग. एखाद्याला असे नाव कमीपणाचे वाटले असते. परंतु माणिकने ते आनंदाने धारण केले आणि जन्मभर आपल्या भजनांत तुकड्यादास म्हणूनच स्वतःचा उल्लेख केला. १९२१ साली आडकोजी महाराजांनी देह ठेवला. तेव्हा माणिक अवघ्या बारा वर्षांचा होता. मायेचे छत्र हरपल्यासारखे त्याला झाले. पुढे घर सोडून तो रामटेक, रामदिघी, सालबर्डी येथील रानावनांतून हिंडू लागला. पुस्तकांची विद्या त्याला लाभली नव्हती. पण झाडे, पाखरे, डोंगर आणि रानात राहणारी भोळी माणसे यांच्या सहवासात त्याने पुष्कळ काही मिळविले. रानातून तो पुन्हा गावांकडे वळला, तेव्हा त्याच्या हाती खंजिरी होती आणि मुखात स्वतःची पदे होती. आता लोक त्यांना तुकडोजी महाराज म्हणू लागले.

त्या काळी मोठ्या शहरांतून नाटकगृहे होती. तेथे पडदे असत, रोषणाई असे आणि आत जाण्यास तिकीट लागे. खेड्यांत यातले काहीच नव्हते. तेथे लोक खडी गंमत किंवा दंडार पाहून मन रमवीत आणि सणावारी भजनी मंडळी टाळ कुटीत बसत. परंतु गाव मनाने एक नव्हते. वरच्या आळीचा माणूस खालच्या आळीत बसत नसे. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू देत नसत. कोणी दारूने खंगला होता, तर कोणी लग्नासाठी काढलेल्या कर्जात बुडाला होता. गोड गळ्याने नुसते गाऊन या दुःखावर कोणता उपाय होणार, हा खरा प्रश्न होता. ऐकणारे डोळे पुसतील, मान डोलावतील आणि पुन्हा होते तसेच राहतील, ही भीती होतीच.

तुकडोजी महाराजांनी या प्रश्नाला आपल्या रीतीने उत्तर दिले. त्यांच्या भजनासाठी रंगमंच लागत नसे. गावचा पार, चावडीपुढची मोकळी जागा किंवा शेताचा माळ हेच त्यांचे सभागृह. पडदा नाही, तिकीट नाही आणि मानाची बैठकही नाही. जो येईल त्याने ओळीत बसावे. पाटलाशेजारी मजूर आणि सावकाराशेजारी ऋणको, असे सारे एका जमिनीवर बसत. महाराज खंजिरीवर थाप टाकीत आणि त्यांचा खणखणीत आवाज गर्दीच्या शेवटच्या टोकापर्यंत जाई. पद मराठीत असो वा हिंदीत, त्याचे शब्द घरगुती असत. एक ओळ महाराज म्हणत आणि तीच ओळ समुदाय उचलून धरी. त्यामुळे ऐकणारा नुसता ऐकणारा राहत नसे. तोही गाणारा होई. भजनाच्या मध्येच महाराज थांबत आणि गावातल्या घाणीविषयी, दारूविषयी, शिवाशिवीविषयी, खर्चिक चालीरीतींविषयी रोखठोक बोलत. ज्या तोंडाने लोकांनी देवाचे नाव घेतले, त्याच तोंडाने चांगल्या वागण्याचा शब्द द्यावा, असे त्यांना वाटे. गावची सफाई हा त्यांच्या उपदेशाचाच भाग होता. हातात झाडू घेणे आणि हातात खंजिरी घेणे या दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच पवित्र वाटत.

१९३५ साली अमरावती-नागपूर रस्त्यावरील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. पुढच्याच वर्षी महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला गेले आणि तेथे सुमारे एक महिना राहिले. गांधीजींच्या आश्रमातही रोज प्रार्थना होई. प्रार्थनेतून माणसे जोडावीत आणि जोडलेल्या माणसांनी देशाचे काम करावे, ही दोघांचीही धारणा होती. या सहवासाने महाराजांच्या कार्याला राष्ट्रकार्याची जोड मिळाली. त्यांच्या पदांत आता स्वातंत्र्याची ओढ अधिकाधिक उमटू लागली.

लवकरच या गाण्याची कसोटी लागण्याची वेळ आली. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात छोडो भारत आंदोलनाची ठिणगी पडली. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या चिमूर गावी आणि त्याच्या आसपास महाराजांच्या भजनांनी लोकांची मने पेटून उठली होती. हाती शस्त्र नसले तरी निर्भय माणूस सत्तेपुढे वाकत नाही, हा भाव त्यांच्या पदांतून लोकांच्या मनात उतरला होता. १६ ऑगस्टला चिमूर येथे मोठी मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला, माणसे पडली आणि भडकलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. काही काळ गावावर परकी सत्तेचा अंमल उरला नाही. परंतु लवकरच सैन्य आले आणि त्याने गावावर अनन्वित अत्याचार केले. स्त्रियांनाही त्याने सोडले नाही. पुष्कळांना तुरुंगात टाकण्यात आले. चिमूरने स्वातंत्र्याची फार मोठी किंमत दिली.

महाराजांच्या गाण्याचे सामर्थ्य सरकारने ओळखले होते. ज्या माणसापाशी ना सैन्य, ना पैसा, ज्याच्या हाती केवळ एक खंजिरी, त्याचे भय बलाढ्य साम्राज्याला वाटले. २८ ऑगस्ट १९४२ रोजी चंद्रपूर येथे महाराजांना अटक झाली. त्यांना आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. सुमारे शंभर दिवसांनी, त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांची सुटका झाली. या काळात त्यांचा देह गजांआड होता. पण त्यांची पदे कोणाला कोंडून ठेवता आली नाहीत. ती लोकांना तोंडपाठ होती. गाणे जेव्हा एकट्या गायकाचे न राहता साऱ्या गावाचे होते, तेव्हा त्याला कोणताही तुरुंग पुरत नाही.

तुरुंगातून सुटल्यावर महाराजांनी संघटनेच्या कामास वाहून घेतले. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या. ठरावीक वेळी साऱ्यांनी एकत्र जमावे, शिस्तीने ओळी धरून बसावे, सर्व धर्मांविषयी आदर बाळगून एका सुरात प्रार्थना म्हणावी आणि नंतर गावच्या कामाचा विचार करावा, अशी रीत त्यांनी घालून दिली. हीच त्यांची सामुदायिक प्रार्थना. यात मोठा गवई असण्याची गरज नव्हती. ज्याचा सूर कच्चा, त्यालाही शेजाऱ्याच्या सुराचा आधार मिळे. एकट्याला जे साधत नाही ते समुदायात साधते, हा धडा लोक गाण्यातून शिकले आणि पुढे रस्ता बांधताना, विहीर खणताना तोच त्यांच्या उपयोगी पडला.

देश स्वतंत्र झाला. दिल्लीचे सरकार बदलले, पण खेड्याचे दैन्य एका रात्रीत सरणारे नव्हते. खेडे सुधारले तरच देश सुधारेल, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी ग्रामगीता हा ग्रंथ रचला. त्याचे एकेचाळीस अध्याय आहेत. गावाचे आरोग्य, शिक्षण, उद्योग, स्त्रियांची उन्नती, सणांची खरी रीत, असे अनेक विषय त्यात साध्या ओव्यांतून मांडले आहेत. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या काळापासून मराठी माणसाला परिचित असलेला ओवी छंद त्यांनी मुद्दाम निवडला. लिहितावाचता न येणाऱ्यांनाही ओवी ऐकून पाठ होते. केवळ तिसरीपर्यंत शिकलेल्या या माणसाने निरक्षरांसाठी केवढी मोठी शाळा उघडली!

१९५५ साली जपानमध्ये जागतिक सर्वधर्म परिषद भरली. तिला महाराजांना निमंत्रण होते. देशोदेशीचे विद्वान तेथे जमले होते. या परिषदेतही महाराजांनी आपली खंजिरी वाजविली. यावलीच्या धुळीत खेळलेल्या मुलाच्या बोटांचा ताल सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी आवडीने ऐकला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधुसमाजाचे ते पहिले अध्यक्ष झाले. मानसन्मान वाढले, तरी त्यांच्या राहणीत फरक पडला नाही. १९६२ आणि १९६५ च्या युद्धकाळात ते सीमेवर गेले आणि त्यांनी भजनांतून जवानांना धीर दिला. जेथे माणसे संकटात असत, तेथे त्यांची खंजिरी पोहोचे.

अखेरीस दुर्धर रोगाने त्यांना ग्रासले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी गुरुकुंज आश्रमात त्यांची प्राणज्योत मालवली. मोझरी येथे त्यांची समाधी आहे. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. शाळेत तीनच इयत्ता शिकलेल्या माणसाचे नाव आज हजारो विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रावर असते.

खंजिरी भजनाची परंपरा विदर्भात आजही जिवंत आहे. गावोगावची मंडळे भजनस्पर्धांत भाग घेतात. त्यांत म्हातारे असतात, तरुण असतात आणि आईच्या मांडीवरून नुकतीच उतरलेली मुलेही असतात. परंतु तुकडोजी महाराजांची सर्वांत मोठी आठवण गाण्याने नव्हे, तर मौनाने जागविली जाते. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात मोझरीला लाखो लोक जमतात. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे झाली, की तो अफाट समुदाय जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. रस्त्यावरची वाहने थांबतात. खंजिऱ्या थांबतात. एका शब्दाचाही आवाज होत नाही. ज्याने साऱ्यांना एका सुरात गायला शिकविले, त्याच्यासाठी सारे एका क्षणी शांत होतात.

मग मौन संपते. कोणीतरी खंजिरीवर हलकेच थाप टाकतो आणि पुन्हा अनेक कंठ एका सुरात उठतात.