ऑस्कर बारनॅक : छोट्या कॅमेऱ्याचे जनक

आज आपण एका कारागिराची ओळख करून घेणार आहोत. त्यांचं नाव ऑस्कर बारनॅक. फोटोग्राफीच्या जगात हे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण आपल्या पाठ्यपुस्तकात ते सहसा भेटत नाही.

बारनॅक यांचा जन्म 1 नोव्हेंबर 1879 रोजी जर्मनीतील लिनोव या खेड्यात झाला. तरुणपणी त्यांनी बर्लिनजवळ यंत्रकामाची उमेदवारी केली. पुढे ते येना शहरात त्साइस कंपनीत कामाला लागले. 1911 मध्ये त्यांचे मित्र एमिल मेखाउ यांच्या शब्दावरून ते वेत्सलार गावी लाइट्स कंपनीत आले. ही कंपनी सूक्ष्मदर्शक बनवायची, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

बारनॅक यांना दम्याचा त्रास होता आणि छंद मात्र फोटो काढण्याचा! त्या काळी कॅमेरा म्हणजे मोठी लाकडी पेटी, त्यात 13 × 18 सेंटिमीटरच्या काचेच्या पट्ट्या आणि वर जड स्टँड. हे ओझं घेऊन डोंगर चढायचा म्हणजे दम लागणारच. मग त्यांनी उलटा विचार केला. निगेटिव्ह लहान घ्यायची आणि फोटो नंतर मोठा करायचा. सिनेमाची फिल्म आडवी वापरून त्यांनी 24 × 36 मिलिमीटरची चौकट ठरवली. गणित करून बघा, जुन्या काचेच्या तुलनेत हे क्षेत्रफळ सुमारे 27 पटींनी कमी भरतं.

1914 च्या सुमारास पहिला नमुना तयार झाला, पण महायुद्ध आडवं आलं. 1920 मध्ये वेत्सलारला पूर आला, तेव्हा बारनॅक यांनी याच छोट्या कॅमेऱ्याने पाण्यात बुडालेल्या रस्त्यांचे फोटो काढले. तरी कारखान्यात उत्पादन सुरू व्हायला आणखी काही वर्षं गेली. 1923 च्या महागाईने जर्मनीचं कंबरडं मोडलं होतं. कोणी ओळखत नसलेल्या या वस्तूत पैसा घालायचा का? कॅमेरा चालला नाही तर कंपनी अडचणीत येणार, आणि नवं काहीच केलं नाही तर कामगारांच्या हाताला काम राहणार नाही. 1924 मध्ये मालक एर्न्स्ट लाइट्स यांनी धोका पत्करायचं ठरवलं. 1925 च्या लाइपझिगच्या जत्रेत कॅमेरा लोकांसमोर आला. लाइट्स आणि कॅमेरा मिळून त्याचं नाव पडलं लायका.

1932 मध्ये त्यात रेंजफाइंडर जोडला गेला. म्हणजे काय तर, दोन छोट्या खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवली की त्या सरकतात आणि एकमेकींवर बसल्या की फोकस बरोबर झाला. सोपं, जलद आणि लांबच्या वस्तूंसाठी उत्तम.

पण फूल, किडा, नाणं यांचा जवळून फोटो घ्यायचा म्हटला की अडचण यायची. एक प्रयोग करा. अंगठा नाकासमोर धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. अंगठा उडी मारतो ना? लांबच्या झाडाकडे बघून हेच केलं तर झाड फारसं हलत नाही. लायकातही आपण बघतो एका खिडकीतून आणि फोटो येतो दुसऱ्या लेन्समधून. त्यामुळे एक मीटरच्या आत आलं की खिडकीत फूल मधोमध दिसायचं आणि फोटोत मात्र अर्धं कापलं जायचं. शिवाय रेंजफाइंडरही एक मीटरपर्यंतच चालायचा. सूक्ष्मदर्शकाच्या कारखान्यात जन्मलेल्या कॅमेऱ्याला जवळचंच दिसू नये, ही गंमतच म्हणायची!

यावर कंपनीने निरनिराळे अ‍ॅडॉप्टर काढले. त्यांचं मूळ तत्त्व असं : लेन्स फिल्मपासून पुढे सरकवली की जवळच्या वस्तूवर फोकस होतो. 50 मिलिमीटरची लेन्स आणखी 50 मिलिमीटर पुढे नेली की वस्तू फिल्मवर आहे तेवढ्याच आकाराची उमटते. त्या वेळी वस्तू फिल्मपासून साधारण 20 सेंटिमीटरवर असते. नूकी नावाच्या अ‍ॅडॉप्टरने अर्ध्या मीटरच्याही आत जाता यायचं, आणि त्यातली काच खिडकीची चूकही सुधारायची. दुसरा प्रकार सरकत्या पट्टीचा. आधी धूसर काचेवर चित्र नीट बघायचं, मग काच बाजूला सरकवून तिथे कॅमेरा आणायचा. मला सगळ्यात आवडतो तो चार पायांचा साधा स्टँड. अंतर आधीच ठरलेलं असतं. पायांच्या मधल्या चौकटीत पान किंवा नाणं ठेवायचं आणि बटण दाबायचं. खिडकीत डोकावायची गरजच नाही. उडणाऱ्या फुलपाखरासाठी मात्र यातलं एकही फारसं उपयोगाचं नव्हतं, हेही खरं.

म्हणून कंपनीने शेवटी आरशाची पेटी विकायला काढली. ती लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवली की लेन्सला जे दिसतं तेच डोळ्याला दिसायचं. कॅमेरा मात्र जड व्हायचा. ज्या ओझ्यापासून बारनॅक यांनी सुटका करून घेतली होती, त्यातलं थोडं ओझं परत आलं म्हणा ना.

16 जानेवारी 1936 रोजी बाड नाउहाइम येथे बारनॅक यांचं निधन झालं. त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीने आतच आरसा बसवलेला किने एक्झाक्टा हा छोटा कॅमेरा बाजारात आणला. त्यातली फिल्मची चौकट मात्र बारनॅक यांनी ठरवलेलीच होती, 24 × 36 मिलिमीटर.